पुरून ठेवलेले हृदय

धर्मग्रामाच्या क्रीडादिनाची नावनोंदणी चालू होती. शंभर मीटर धावण्याच्या यादीत एका तेरा वर्षांच्या मुलाचे नाव आमच्या दृष्टीस पडले आणि आम्ही पेन्सिलीने ते खोडले. मुलाचे हृदय जन्मतः सदोष होते. तो जेमतेम वर्षाचा असताना मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तिच्यासाठी जो निधी उभा राहिला त्यात धर्मग्रामातील जवळजवळ प्रत्येक घराचा वाटा होता. ते हृदय त्याच्या एकट्याचे नाही, आम्हा सर्वांचे आहे, असे काहीसे आमच्या मनात असावे. आम्ही त्याला बोलावून घेतले, गुण लिहिण्याची वही आणि एक शिटी त्याच्या हाती दिली व म्हटले, "यंदा तू आमचा पंच." तो "हो, फादर" म्हणाला. त्याच्या आईने आमचे आभार मानले. आपल्या हातून एक शहाणपणाचे आणि दयेचे कृत्य घडले, अशा समाधानात आम्ही त्या रात्री झोपी गेलो.

पुढे प्रायश्चित्तकाळात एका संध्याकाळी चर्चच्या सेवकाने आम्हांला सहज सांगितले, "फादर, तो पोरगा रोज दफनभूमीच्या भिंतीमागे एकटाच धावतो. कुणी आलं की थांबतो आणि चेंडू शोधल्यासारखं करतो."

ते ऐकून आमच्या पोटात गोळा आला. भर मैदानात, शंभर माणसांच्या डोळ्यांदेखत, शिक्षक आणि परिचारिका हजर असताना जे करू देण्यास आम्ही धजलो नव्हतो, तेच तो मुलगा भिंतीआड करीत होता. तेथे तो कोसळला असता तर सकाळपर्यंत कोणाला पत्ताही लागला नसता. आमच्या दयेने त्याचा धोका कमी केला नव्हता. तिने धोक्याची जागा तेवढी बदलली होती, आणि वर त्याला खोटेपणाचा एक धडा दिला होता.

जपणे आणि प्रेम करणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न त्या संध्याकाळपासून आमच्या मनातून गेलेला नाही. घरोघरी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर लावणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्न परका वाटू नये. त्या तसबिरीतील हृदय उघडे आहे, जखमी आहे आणि ज्वाळांनी वेढलेले आहे. ते कापसात गुंडाळून ठेवलेले नाही.

प्रथम थोडी वस्तुस्थिती पाहू. जन्माला येणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे आठ-नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही रचनादोष असतो. आपल्या देशात अशी दोन लाखांहून अधिक बालके दरवर्षी जन्मतात असा अंदाज आहे. त्यांच्याखेरीज संधिज्वराने, म्हणजे ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात त्या आजाराने, झडपा खराब झालेली मुले वेगळीच. घसा दुखण्यापासून सुरू होणारे हे दुखणे दर तीन आठवड्यांच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने आवरता येते. पण इंजेक्शन दुखते, दवाखाना लांब असतो, मूल बरे दिसू लागते आणि खंड पडतो. मुलांमधील असे दोष शाळा-अंगणवाड्यांतून हुडकून काढण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघर येथूनच सुरू झाला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

एक काळ असा होता की अशा मुलांसाठी अंथरूण हेच औषध मानले जाई. संधिज्वराच्या रोग्याला महिनोन् महिने पडून राहावे लागे. निळसर ओठांची, बोटांची टोके फुगलेली मुले बहुधा लहानपणीच देवाघरी जात. फॅलॉटच्या चतुर्दोषाची ही मुले चार पावले धावली की मध्येच उकिडवी बसत. त्यांना हे कोणी शिकवलेले नसे. उकिडवे बसल्याने पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे वळते, हे कारण शास्त्राला पुढे उमगले. मुलाच्या शरीराने ते आधीच ओळखले होते. आई म्हणत असे, "खेळता खेळता बसतो, लहर आली की." ती लहर नव्हती, तो जीव वाचविण्याचा उपाय होता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली 'निळ्या बाळाची' शस्त्रक्रिया झाली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची, हात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे, आणि ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून प्रत्येक टाक्याची सूचना देणारे व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय सहायक, ज्यांना वैद्यकाची पदवी नव्हती. थॉमस यांनीच ती शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत कुत्र्यांवर सिद्ध केली होती. ज्या मुलांना देवाने वा निसर्गाने जगू देऊ नये असे ठरविले आहे असे लोक समजत, ती मुले जगू लागली. आज संपन्न देशांत जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांपैकी दहांतील नऊंहून अधिक प्रौढ वय गाठतात. आपल्याकडेही अशा तरुणांची संख्या वाढते आहे.

मुलाला वाचविल्यानंतर आपण त्याला कशासाठी वाचविले, हा प्रश्न मात्र शस्त्रक्रियागृहात सुटत नाही. तो घरी, शाळेत आणि धर्मग्रामात सोडवावा लागतो.

आता वैद्यकाचे मत पुष्कळ बदलले आहे. पूर्वी बंदी हा नियम होता आणि परवानगी हा अपवाद. २०१३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांना व्यायामास उत्तेजन द्यावे, अशा अर्थाचे निवेदन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, छातीत आय.सी.डी. हे यंत्र बसवलेले ३७२ खेळाडू स्पर्धात्मक खेळ खेळत राहिले असता खेळताना त्यांच्यापैकी एकही दगावला नाही असे आढळले. हे यंत्र हृदयाची लय प्राणघातक रीतीने बिघडताच आतून विजेचा झटका देते. काहींना खेळताना झटके बसले, हेही खरे. पण ते वाचले. हृदयाचा स्नायू आनुवंशिकतेने जाड होण्याच्या विकारात तर जोराचा व्यायाम म्हणजे मृत्यूला आमंत्रण असे पूर्वी मानत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सोळाशेहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात जोराचा व्यायाम करणाऱ्यांना इतरांहून अधिक धोका असल्याचे दिसले नाही. ही सर्व माणसे तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती, हे मात्र विसरता कामा नये.

यावरून "काही होत नाही, धाव" असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घोर अन्याय ठरेल. हृदयाच्या उजव्या कप्प्याचा एक आनुवंशिक विकार असा आहे की कष्टाच्या व्यायामाने तो अधिक वेगाने बळावतो. तेथे बंदी हेच औषध आहे. लाँग क्यूटी नावाच्या लयदोषाच्या एका प्रकारात पोहणे विशेष धोक्याचे असते, आणि बावखलात, विहिरीत पोहत वाढणाऱ्या आपल्याकडच्या मुलांच्या आईबापांनी हे लक्षात ठेवले पाहिजे. महारोहिणीची झडप फार अरुंद असेल, किंवा मार्फान विकारात महारोहिणी फुगत असेल, तर जड वजने उचलणे वर्ज्य आहे. दोन मुलांच्या छातीवर व्रण सारखाच दिसेल. परंतु एकाला फुटबॉल खेळता येईल आणि दुसऱ्याला जिना चढतानाही जपावे लागेल. शेजारणीच्या मुलाकडे पाहून आपल्या मुलाचा निर्णय घेऊ नये, एवढे या शास्त्रातून प्रत्येक आईला कळावे.

पण शास्त्राने सारे मोजून झाल्यावरही थोडासा धोका उरतोच. तो शून्यावर येत नाही. त्या उरलेल्या धोक्याचे काय करायचे, येथून नीतिशास्त्राचा प्रांत सुरू होतो.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे फिनलंडविरुद्धच्या सामन्यात डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन मैदानावर कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती पाठमोरे कडे केले, डॉक्टरांनी छातीवर दाब देऊन आणि विजेचा झटका देऊन त्याला परत आणले. त्याच्या छातीत आय.सी.डी. बसविण्यात आले. तो तेव्हा इटलीतील संघाकडून खेळत होता. तेथील नियमांनुसार असे यंत्र असलेल्या खेळाडूला तेथील स्पर्धेत उतरता येत नाही. इंग्लंडमध्ये ती बंदी नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये तो एका इंग्लिश संघात दाखल झाला, फेब्रुवारीत मैदानावर उतरला आणि १६ जून २०२४ रोजी युरोपीय स्पर्धेत त्याने आपल्या देशासाठी गोल केला. माणूस तोच, हृदय तेच. एका देशाने "नाही" म्हटले, दुसऱ्याने "तुझे तू आणि तुझे डॉक्टर मिळून ठरवा" म्हटले.

इटलीला भित्रे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. तेथे १९८२ सालापासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची हृदयतपासणी सक्तीची आहे आणि व्हेनेतो प्रांतातील तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण त्यानंतर वर्षाला लाखामागे ३.६ वरून ०.४ पर्यंत खाली आले. त्या दशांश चिन्हांच्या मागे जिवंत मुले आणि न रडलेल्या आया आहेत. उलट, ज्याला अमेरिकेतील एक होतकरू बास्केटबॉलपटू म्हणून लोक ओळखत, तो हँक गॅदर्स डिसेंबर १९८९ मध्ये सामन्यात बेशुद्ध पडला, हृदयाचा लयदोष निघाला, औषध सुरू झाले, तो पुन्हा खेळू लागला आणि ४ मार्च १९९० रोजी वयाच्या तेविसाव्या वर्षी मैदानावर कोसळून मरण पावला. तो आमच्याच येशूसंघीय परंपरेच्या एका कॅथॉलिक विद्यापीठाचा विद्यार्थी होता. ही नावे एकमेकांसमोर ठेवली की कोणत्याही बाजूने मोठ्या आवाजात बोलण्याचे धाडस उरत नाही.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्विनास आम्हांला कोरडे वाटत. वय वाढले तसे ते ओलसर वाटू लागले. धैर्याचा विचार करताना त्यांनी भीतीच्या अतिरेकाला दोष म्हटले आहेच, पण भीती मुळीच नसणे यालाही त्यांनी दोषच म्हटले आहे. ज्याला आपल्या जिवाची भीती वाटत नाही त्याचे आपल्या जिवावर हवे तितके प्रेम नाही, असे त्यांचे तर्कशास्त्र. म्हणजे छातीवर व्रण असताना मित्रांपुढे फुशारकी मारण्यासाठी धावणारा मुलगा शूर नव्हे. तथापि आम्हांला अधिक अंतर्मुख केले ते त्यांच्या दूरदर्शी विवेकाच्या विवेचनाने. विवेकाच्या तीन पायऱ्या ते सांगतात: सल्ला घेणे, निर्णय करणे आणि तो अमलात आणण्याची आज्ञा देणे. यांतील तिसरी पायरी त्यांच्या मते मुख्य. जो सदैव सल्ला घेत राहतो आणि पाऊल उचलत नाही, त्याच्याजवळ विवेक नाही. विवेकाची सावली आहे.

आम्ही त्या मुलाचे नाव खोडले तेव्हा यांपैकी किती पायऱ्या चढलो होतो? सल्ला कोणाचाच घेतला नव्हता. त्याच्या हृदयतज्ज्ञाला विचारावे हे आमच्या मनातही आले नाही. निर्णय केला नव्हता, केवळ बिचकलो होतो. तरीही आज्ञा मात्र दिली होती. याला विवेक म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

प्रभूने सांगितलेला तो दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. धनी परदेशी जाताना आपल्या दासांना धन सोपवून जातो. दोघे व्यापार करतात, तिसरा खड्डा खणून आपला वाटा पुरून ठेवतो. आपण त्या तिसऱ्याला आळशी समजतो. पण तो आपल्या धन्यापुढे कारण सांगतो ते आळसाचे नाही, भीतीचे आहे. त्याने काही उधळले नाही, काही चोरले नाही. जसेच्या तसे परत आणून दिले. हिशेबात एक पैसाही कमी नाही. आणि तरीही धनी रागावतो. आम्हांला वाटते, पुष्कळ आईबाप, पुष्कळ शिक्षक आणि आमच्यासारखे पुष्कळ धर्मगुरू या दासाच्या जागी उभे आहेत. "देवा, तुझे लेकरू जसे दिलेस तसे परत आणले आहे, ते कधी धावले नाही, पडले नाही, सहलीला गेले नाही, कोणाच्या प्रेमातही पडले नाही." आईबाप मुलाच्या आयुष्याचे मालक नाहीत, विश्वस्त आहेत, हे आपण मानतो. विश्वस्ताने ठेव बुडवू नये हे खरेच. पण ती जमिनीत पुरण्यासाठीही त्याच्याकडे दिलेली नसते. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथानेही हा तोल राखला आहे: जीवन आणि आरोग्य या देवाने सोपविलेल्या मौल्यवान देणग्या आहेत, त्यांची वाजवी काळजी घेणे कर्तव्य आहे, मात्र शरीराचे जीवन हे सर्वोच्च मूल्य नव्हे.

येथे मुलींविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुलाला मैदानातून बाजूला बसवले की कोणाच्या तरी लक्षात येते. मुलीला बसवले की ती मुळात खेळत नव्हतीच, असे सर्वांना वाटते. तिच्या छातीवरचा व्रण झाकण्यासाठी गळ्यापर्यंत बंद पोशाख शिवले जातात आणि लग्नाच्या बोलण्यांत त्या शस्त्रक्रियेचा उल्लेख गाळला जातो. विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांत अशी मौनाची गाठ आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. संधिज्वराने हृदयाची डावी झडप अरुंद झालेल्या स्त्रीला गरोदरपणातच प्रथम गंभीर त्रास होऊ शकतो, कारण तेव्हा हृदयावरचा भार फार वाढतो. जे सासरी सांगितले नाही ते प्रसूतिगृहात कळते. मुलीला 'जपण्या'च्या नावाखाली आपण तिचे स्थळ जपत होतो, हे अशा वेळी उघडे पडते. लपवणे हा या रोगाचा सर्वांत जुना साथीदार आहे. आध्यात्मिक जीवनाविषयी लोयोलाच्या संत इग्नाशियसांनी हेच सांगितले आहे: मोह घालणारा शत्रू गुपित राखले जावे म्हणून धडपडतो, आणि ते जाणत्या माणसापुढे उघड होताच त्याचा डाव फसतो. आमचा मुलगा दफनभूमीच्या भिंतीमागे धावत होता तो याच गुपिताच्या आवारात.

इग्नाशियसांचे नाव निघाले ते बरे झाले, कारण मनाच्या कसरतीविषयी आम्हांला त्यांच्याच आधाराने बोलायचे आहे. आपल्या साधनेच्या पुस्तिकेला त्यांनी 'व्यायाम' असेच नाव दिले आणि पहिल्याच टिपणीत फिरणे, चालणे, धावणे हे जसे शरीराचे व्यायाम तसे हे आत्म्याचे, अशी तुलना केली. तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेल्या आणि आयुष्यभर लंगडत चाललेल्या माणसाने धावण्याची उपमा द्यावी, यात आम्हांला नेहमीच एक गोड विनोद दिसतो.

त्या मुलाला अखेर त्याच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी प्रतिध्वनीचित्र काढले, पट्ट्यावर चालवून-धाववून हृदयाचा आलेख पाहिला. फुप्फुसाकडची झडप गळते आहे, दरवर्षी तपासावी लागेल, पुढेमागे बदलावी लागेल. जड वजने नकोत. धावायला हरकत नाही, हळूहळू वाढवीत. आम्हांला वाटले प्रश्न सुटला. पण पहिल्याच संध्याकाळी, आता उघड्यावर, आमच्या समोर धावताना तो अर्ध्या फेरीत थांबला. चेहरा पांढरा पडलेला. "फादर, धडधडतंय." भिंतीमागे महिनोन् महिने धावलेला मुलगा परवानगी मिळाल्यावर घाबरला! तेव्हा कळले की चोरून धावताना त्याला पकडले जाण्याची भीती होती आणि तिच्या आड मरणाची भीती लपली होती. पहिली गेल्यावर दुसरी वर आली.

हृदय श्रमाने धडधडते तसेच भीतीनेही धडधडते. निरोगी मुलाला त्या दोन धडधडींतला फरक ओळखण्याची गरज पडत नाही. ज्याने जन्मापासून आपल्या हृदयाविषयी कुजबुज ऐकली आहे, त्याला प्रत्येक ठोका हा निरोप वाटतो. धडधड झाली की भीती, भीतीने आणखी धडधड. हे चक्र तोडण्याचे शिक्षण औषधाच्या गोळीत नसते. मानसोपचारतज्ज्ञ ते पायरीपायरीने देतात: भीतीला नाव देणे, ती लिहून काढणे, ज्याची भीती वाटते त्याच्याकडे सुरक्षित मापाने, दररोज थोडे थोडे जाणे, आणि प्रत्येक वेळी नंतर पाहणे की जे होईल असे वाटले ते झाले काय. धर्मगुरूला यात ओळखीचे काही दिसले तर नवल नाही. आत्मपरीक्षण आणि वृत्तींचा विवेक यांची रीत याहून फार निराळी नाही. मनात उठणारी प्रत्येक हालचाल देवाकडून येत नाही आणि प्रत्येक हालचाल वैऱ्याकडूनही येत नाही. ती कोठून येते आणि कोठे नेते हे शांतपणे पाहायला शिकावे लागते.

तसे त्या मुलाला शिकवावे लागले. श्रमाची धडधड थांबल्यावर काही मिनिटांत उतरते. छातीत दुखणे, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत पाखरू फडफडल्यासारखी अनियमित धडधड, थांबूनही न बसणारा दम, यांपैकी काही झाले तर तत्क्षणी थांबायचे आणि सांगायचे. धावताना शुद्ध हरपणे तर कधीही क्षुल्लक मानायचे नाही. वेगाचे माप सोपे आहे. चालताना किंवा धावताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, म्हणजे श्रम मध्यम. आम्ही ते आमच्या भाषेत सांगितले: सोबत्याबरोबर 'नमो मारिया' म्हणता आली पाहिजे, गायनमंडळात मात्र उभे राहता येणार नाही.

आणि दम व भीती उतरवण्यासाठी श्वास. संत इग्नाशियसांच्या प्रार्थनेच्या तिसऱ्या पद्धतीत एकेका श्वासाला प्रार्थनेचा एकेक शब्द म्हणायचा असतो. इटलीतील पाविया येथील डॉ. लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मौजेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी प्रौढांना त्यांनी लॅटिनमधून रोझरीची 'नमो मारिया' म्हणायला लावली आणि 'ओम मणि पद्मे हूं' हा मंत्रही म्हणायला लावला. दोहोंनी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयींचा मेळ सुधारला. रोझरी हे हृदयरोगावरचे औषध आहे असे यावरून कोणी व्यासपीठावरून सांगू नये. ती माणसे निरोगी होती आणि प्रार्थना ही गोळी नव्हे. शिवाय मंत्रानेही तेच घडले, हे आपल्यातील काहींना रुचणार नाही. आम्हांला त्यात देवाचे औदार्य दिसते. आजीने ओसरीवर बसून म्हटलेली रोझरी तिच्या श्वासालाही काही शिकवत होती, एवढे समजले तरी पुरे.

आईचे शिक्षण मुलाच्या शिक्षणाहून अवघड निघाले. बारा वर्षे रात्री उठून त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास पाहणाऱ्या त्या माऊलीला "आता सोडा" म्हणण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? आम्ही तसे म्हटले नाही. तिला एवढेच सांगितले की तुमच्या भीतीचा त्याच्यासमोर उच्चार करू नका, आमच्याकडे येऊन करा. ती येई, रडे, आणि एकदा म्हणाली, "फादर, त्याला काही झालं तर लोक मला विचारतील, तुम्हाला नाही विचारणार." त्या वाक्यात पुष्कळ सत्य होते. जो सल्ला देतो त्याने ओझे उचलण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. म्हणून आम्ही धर्मग्रामातील तरुणांसाठी, शिक्षकांसाठी आणि स्वतःसाठीही छातीदाबाचे प्रशिक्षण ठेवले. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हात थकेपर्यंत आणि थकल्यावर दुसऱ्याने. पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूला रबरी पुतळ्यावर घाम गाळताना पाहून मुलांची बरीच करमणूक झाली. एरिक्सन त्याच्या सहकाऱ्यांच्या कड्यात वाचला. आपल्या मैदानावर ते कडे कोण करणार, याचे उत्तर नसताना मुलाला "धाव" म्हणणे आम्हांला बेजबाबदारपणाचे वाटते.

निर्णय शेवटी कोणाचा? तेराव्या वर्षी तो आईबापांचा, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मुलाचे ऐकून. एकोणिसाव्या वर्षी तो त्या तरुणाचा, आईबापांचे ऐकून. या दोन वयांच्या मधली सहा वर्षे ही हस्तांतरणाची आहेत आणि ती वाया घालवली तर एकोणिसाव्या वर्षी आपण त्याच्या हाती असे हृदय देतो, ज्याच्याविषयी त्याला स्वतःला काहीच ठाऊक नसते: आजाराचे नाव नाही, गोळीचे नाव नाही, किती धावावे आणि कधी थांबावे हे नाही. हिशेब आईच्या पिशवीत, फाइल आईच्या कपाटात. पुष्कळ तरुण याच वयात तपासणीला जाणे सोडून देतात, असे डॉक्टर तक्रारीने सांगतात. ज्याला आपल्या हृदयाची किल्ली कधी दिलीच नाही, त्याने त्याची राखण का करावी?

तरुणांचा संत म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या संत फिलिप नेरी यांचीही येथे आठवण होते. १५४४ च्या पेंटेकॉस्टपासून त्यांचे हृदय असे धडधडे की जवळच्यांना ते जाणवत असे, अशी नोंद आहे. १५९५ साली त्यांच्या निधनानंतर तपासणी झाली तेव्हा त्यांच्या हृदयापाशी दोन फासळ्या तुटून बाहेरच्या बाजूला वाकलेल्या आढळल्या. आजचा डॉक्टर त्यास काय म्हणेल ते म्हणो. हाच माणूस रोममधील तरुणांना घेऊन सात महामंदिरांची यात्रा पायी घडवी, सुमारे वीस किलोमीटरची, वाटेत गाणी, शिदोरी आणि थट्टामस्करी. असे हृदय घेऊन त्यांनी घरी बसायला हवे होते, असे आजवर कोणी म्हटलेले आमच्या वाचनात नाही.

पुढच्या क्रीडादिनाला तो मुलगा चारशे मीटरच्या शर्यतीत उतरला. शंभर मीटरचा जीवघेणा वेग नको, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आई मैदानाच्या कडेला रोझरी घेऊन उभी होती आणि तिच्या ओठांवरून ती मिनिटाला सहा श्वासांच्या वेगाने निश्चितच म्हणत नव्हती. तिसऱ्या वळणावर तो थांबला. सारे मैदान गप्प झाले. आमचा हात नकळत शिटीकडे गेला. त्याने कमरेवर हात ठेवले, दोन-तीन दीर्घ श्वास घेतले, आमच्याकडे पाहून मान हलवली, आणि मग चालू लागला. थोडे अंतर चालून पुन्हा धावू लागला.

त्या वर्षी गुणांची वही आम्हीच लिहिली. तीत त्याच्या नावापुढे पाचवा क्रमांक आहे. धावणारे सहा होते. सहाव्याचा पाय मुरगळला होता.